उतरलेला तुकडा

१

निवृत्त झालेल्या माणसाला पुढं काय करायचं हे सुचलं नाही, की तो गावाला शिस्त लावायला निघतो. सुभेदार जयराज नोव्हेंबरात अठ्ठावीस वर्षांची नोकरी पुरी करून आष्ट्याजवळच्या मळ्यातल्या आपल्या घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच वाजता त्यानं सगळ्या जगाला नावं ठेवायला रीतसर सुरुवात केली. रस्त्याकडेच्या ट्रॅक्टरला ठेवली, कारण तो वाकडा लावला होता. गावातल्या पोरांना ठेवली, कारण ती आठ वाजेपर्यंत लोळतात आणि उठली की एकमेकांच्या वाढदिवसाचे फलक लावतात. चावडीसमोर बसणाऱ्या जुन्या पेन्शनरांना तर जरा जास्तच ठेवली, कारण पलटणीत कमावलेली छाती त्यांनी दोन वर्षांत पोटावर उतरू दिली होती. 'सिव्हिलियन' हा सुभेदाराच्या तोंडचा सगळ्यात मोठा अपशब्द होता आणि आष्ट्यात त्याला दुसरं कुणी भेटतच नव्हतं.

पहाटे पाचला पळणं, संध्याकाळी पाच ते साडेसहा पुन्हा पळणं. मधल्या वेळात दाढी, बुटांचं पॉलिश आणि बायकोच्या कामाची तपासणी. पोळी गोल का नाही, अंगणात उसाचं पाचट का, दुधाचं भांडं उघडं का. बायको, संयोगिता, ऐकून घ्यायची. चोवीस वर्षांच्या संसारात नवरा तिच्या वाट्याला आला तो रजेपुरता, वर्षाला दोन महिने. त्यातलेही निम्मे दिवस भावकीनं आणि सासूनं खाल्लेले. मुलगी शिवांजली पुण्याला नोकरीला लागली, सासू गेल्या साली गेली, आणि आता नवरा कायमचा येणार म्हणून तिनं वर्षभर दिवस मोजले होते.

तो आला त्या दिवशी ती दारात उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मग त्याला उंबरा ओलांडू द्यायचा, ही तिकडची साधी रीत. दर रजेला हे काम सासू करायची. संयोगिताला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. तिनं हात वर केला तर सुभेदारानं तो मनगटाला धरून बाजूला सारला.

"ही थेरं बंद कर," तो म्हणाला. "पायाखाली बर्फ आन् डोक्यावर गोळी, अशी अठ्ठावीस वर्षं काढली मी. मला तुझा तुकडा काय राखणार?"

आणि तो बुटासकट आत गेला. तुकडा उंबऱ्यावर पडला होता. संयोगितानं तो उचलला आणि कुठं टाकावा हे न कळून पाणी तापवायच्या चुलीत टाकला.

जानेवारीच्या मध्यावर, संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील, सकाळी चहा देताना ती सहज म्हणाली, "काल सांजंला लय वेळ बसलासा मागल्या पायरीवर. गार न्हाई लागलं?"

सुभेदार मागल्या पायरीवर कधीच बसला नव्हता. त्याला ती पायरी ठाऊक होती ती तिच्यावरचं शेवाळ काढलं नाही म्हणून बायकोला बोलण्यापुरती. काल त्या वेळी तो बागणीच्या रस्त्याला पळत होता. पण बायकांच्या बोलण्याला उत्तरं देत बसलं तर दिवस पुरायचा नाही, असं त्याचं मत होतं. त्यानं चहात साखर जास्त असल्याचं सांगितलं आणि विषय संपवला.

२

रीतीभातीचा त्याला एवढा राग यायला ताजं कारण होतं. नोकरीतला शेवटचा हिवाळा त्यानं काश्मीरच्या सरहद्दीवरच्या एका ठाण्यावर काढला होता. बारा माणसं, एक बंकर, एक लंगर म्हणजे स्वयंपाकाची खोली, आणि नोव्हेंबरात जी वाट बंद व्हायची ती एप्रिलात उघडायची. शत्रू समोरच्या डोंगरावर होता पण तो थंडीनं गारठून आपल्या बिळात बसलेला. खरा त्रास अस्वलाचा. थंडीत अस्वल झोपतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. हे झोपलं नाही. लंगरचं खरकटं मिळत असताना कोण झोपेल, असं म्हणून सुभेदारानं त्याचं नाव 'सिव्हिलियन' ठेवलं. फुकटचं खातो, काम करत नाही, लांबून बघत बसतो. नाव अगदी चपखल आहे म्हणून पोरं हसली.

त्या बारांत बिरदेव नावाचा जवान होता. जतकडचा, मेंढरामागं वाढलेला. गस्त परत आली की हा पठ्ठ्या बंकरच्या तोंडाशी उभा. प्रत्येकावरनं चपातीचा तुकडा ओवाळायचा आणि दरीत भिरकावून द्यायचा, मगच माणूस आत. सुभेदारानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"हेलिकॉप्टरनं येतं रं हे पीठ. दरीत टाकतोस? उतरायचं तर उतर, पण तुकडे सिव्हिलियनला घालायचे. ह्यो माझा हुकूम."

बिरदेवची मान खाली गेली. "उतरलेलं कुणाच्या पोटात जाऊ ने, साब."

"का जाऊ ने?"

"का ते ठावं न्हाई. आमच्यात कुत्र्यालाबी घालत न्हाईत."

"का ते ठावं न्हाई," सुभेदारानं त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं. "मेंढरं राखता राखता मेंढरूच झालास की."

हुकूम हुकूम असतो. पण बाकीच्या दहांनी दुसऱ्या दिवसापासून तुकडा उतरून घ्यायचंच बंद केलं. सुभेदाराला याची फार मौज वाटली. एवढी बंदूकवाली माणसं आणि चपातीच्या तुकड्याला भ्यायली. मग तो एकटाच रोज संध्याकाळी बंकरच्या तोंडाशी उभा राहायचा, बिरदेवला ओवाळायला लावायचा, आणि तुकडा स्वतःच्या हातानं दहा पावलांवर टाकायचा. अस्वल यायचं, खायचं, बघायचं. असे चार महिने.

फेब्रुवारीत ते संध्याकाळच्या हजेरीला येऊ लागलं. रांगेच्या मागं, धुक्यात, मागच्या दोन पायांवर उभं. मान खाली. सुभेदाराचा डावा खांदा पूर्वी एकदा बर्फावर पडल्यानं कायमचा खाली गेला होता. मार्चमध्ये एका पोरानं हळूच दुसऱ्याला दाखवलं की अस्वलही डावा खांदा टाकून उभं राहतंय. त्यानंतर त्याच्या नावाला कुणी हसलं नाही. सुभेदार मात्र हसला. अस्वलं अशीच उभी राहतात, तुम्ही कधी बघितलीत, असं त्यानं विचारलं. कुणी बघितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यानंही नव्हती.

३

मागल्या पायरीचं बोलणं तिथंच थांबलं असतं. पण संयोगिता आता कामं करताना गुणगुणायला लागली होती. चोवीस वर्षांत सुभेदारानं तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. निदान तो रजेवर असताना तरी नाही. तिच्या केसांत रोज अबोलीचा गजरा दिसायला लागला. तो काही बोलला की पूर्वी ती खाली बघायची, आता त्याच्याकडं बघून बारीक हसायची. आपल्या घरात आपल्याला न कळवता काहीतरी चाललं आहे, असं त्याला वाटलं, आणि असं वाटलं की पुरुषाच्या डोक्यात पहिली गोष्ट जी येते ती त्याच्याही आली. त्याची त्याला लाज वाटली नाही. त्याला राग आला.

"संध्याकाळी मागं कोण येतंय?" त्यानं विचारलं.

"कोण यायचंय?" ती म्हणाली. "तुमीच की."

"मी पळायला असतो त्या वक्ताला."

"बरं, न्हाई तुमी." ती हातातली भाजी निवडत राहिली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "पर परवा बरं केलंसा. बाळाचं ऐकून घेतलंसा. इतक्या वर्सांत मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या डोळ्यात पाणी आलं तवा मला कसंतरीच झालं."

शिवांजलीच्या पाठीवर त्यांना एक मुलगा झाला होता. तो तीन दिवस जगला. सुभेदार तेव्हा आसामात होता. त्याला फोनवर कळलं, तो "बरं" म्हणाला, आणि पुढच्या रजेला आला तेव्हा त्यानं गोठ्याचा पत्रा बदलून घेतला. त्या मुलाबद्दल तो आजवर एक शब्दही बोलला नव्हता. बोलायचं काय असतं त्यात, हे त्याला कळत नव्हतं. आता ते दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं गेलं होतं आणि ऐकणारा रडला होता. आपल्याला राग आला आहे, असं सुभेदारानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो पळायला गेला नाही. पाच वाजल्यापासून मागल्या दाराच्या आत खुर्ची टाकून बसला. समोर चाळीस पावलांवर त्याचाच ऊस, डोक्याच्या वर गेलेला, तुऱ्यावर आलेला. साडेसहापर्यंत कुणी आलं नाही. उसात वारा नव्हता, तरी एकदा आतल्या बाजूनं पाचट करकरलं आणि थांबलं. डुक्कर असेल. संयोगिता दोनदा दाराशी आली, उसाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि परत गेली. त्या रात्री तिनं जेवण वाढलं ते पुढ्यात सरकवल्यासारखं.

सकाळी उजाडल्यावर सुभेदारानं पायरीजवळची माती तपासली. न्हाणीचं पाणी तिथं मुरायचं, त्यामुळं माती कायम ओली. तिच्यात अनवाणी पावलं होती. पाच बोटं, टाच, मधला भाग भरलेला. माणसाचीच म्हणावीत, पण रुंदीला माणसाच्या दुप्पट. बोटांच्या पुढं पाच पाच बारीक भोकं. पावलं उसातून आली होती आणि उसात गेली होती. कालची नव्हती, त्याच्या आदल्या दिवसांची होती, एकावर एक पडलेली.

असली पावलं त्यानं चार महिने रोज बर्फात बघितली होती. त्यानं ती बुटानं पुसून टाकली. आष्टा कुठं, काश्मीर कुठं. अस्वल काय झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढून येणार? फार तर कोयनेच्या जंगलातलं एखादं चुकून खाली उतरलं असेल. हल्ली उसात बिबटे येतात, एखादं अस्वल आलं. वनखात्याला फोन करावा. पण फोन करून सांगणार काय, की अस्वल येतं आणि माझ्या बायकोचं ऐकून घेतं? सुभेदारानं वनखात्याला फोन केला नाही.

४

फोन केला तो बिरदेवला. तो रजेवर गावी आला होता. आपण सहज चौकशी करतोय असा आव आणून सुभेदारानं पलटणीचं विचारलं, नव्या सुभेदाराचं विचारलं. बिरदेवच्या मागं मेंढरं ओरडत होती.

"आन् तुमचा सिव्हिलियन? औंदा किती आटा खाल्ला?"

"त्ये येत न्हाई साब. तुमी खाली उतरलासा त्या दिसापास्नं न्हाई आलं. तुमच्या मागं वाटंनं खाली जाताना आपल्या ठाण्यावरच्या हरिबानं बघितलेलं. मग न्हाई."

"मेलं असंल कुठंतरी."

"असंल." मग बिरदेवनं विचारलं, "साब, राग येऊ ने. घरी पोचलासा तवा वैनीसायबांनी तुकडा उतरला का?"

"मी उतरू दिला न्हाई. तुला ठावं हाय माझं."

"मग तुमी अजून घरात गेलाच न्हाई म्हणायचं," बिरदेव म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात. मेंढरू वाड्यात आलं नाही, असं सांगावं तितकं साधं तो बोलला. "दुसऱ्या कुणावरनं उतरलं न्हाई न्हवं दारात? तेवढं बघा."

सुभेदारानं त्याला चार शिव्या दिल्या आणि फोन ठेवला. अडाणी ते अडाणीच. सरकारनं बूट दिले, बंदूक दिली, पगार दिला, पण डोक्यातलं मेंढरू गेलं नाही. असं पाच मिनिटं मनात घोळवून झाल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. संयोगिता भाकरी थापत होती.

"त्या दिवशी मी नको म्हटलं. त्यानंतर तू तुकडा उतरून टाकलास का कवा?"

तिचा हात थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. "टाकला की. संक्रांतीला. पुढल्या दारानं तुमाला लाज वाटती, म्हणून मागल्या दारानं आलासा. मान खाली घालून हुबा राहिलासा. मी म्हटलं, एवढं तरी माझं ऐकलंसा."

"तोंड बघितलंस माझं?"

"दिवेलागणीचा वक्त. धुकं किती हुतं." ती तव्याकडंच बघत होती. "चोवीस वर्सांत तुमी तरी माझं तोंड कवा बघितलं?"

संक्रांतीच्या संध्याकाळी सुभेदार माजी सैनिकांच्या तिळगूळ समारंभात होता. तिथं त्यानं अर्धा तास शिस्तीवर भाषण केलं होतं.

५

मग ऊसतोड आली. आटपाडीकडची टोळी, तिचा मुकादम आकाराम, वयानं सुभेदाराएवढाच पण उन्हानं जाळलेला. सुभेदाराला टोळी आल्याचं इतकं बरं वाटलं की त्यानं पहिल्या दिवशी त्यांना नावंसुद्धा ठेवली नाहीत. ऊस निघाला की लपायला जागा उरणार नाही. जे काही आहे, डुक्कर, बिबट्या, अस्वल नाहीतर माणूस, ते चार दिवसांत उघड्यावर येईल. तीन दिवस कोयते चालले. ऊस तिन्ही बाजूंनी आत आत सरकत गेला. रोज संध्याकाळी सुभेदार बांधावर उभा राहून उरलेला तुकडा नजरेनं मापायचा. चौथ्या दिवशी दुपारी, घराच्या मागं पाच-सहा गुंठे उरले असताना, कोयत्यांचा आवाज बंद पडला.

तो गेला तर सगळी टोळी रस्त्यावर ट्रॉलीजवळ उभी. बायकांनी पोरं कडेवर घेतलेली.

"काय झालं रं? चहा प्यायचा टाइम झाला काय?"

आकारामनं त्याच्याकडं बघितलं, मग उसाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. "तुमी हितं कवा आला, सुभेदार?"

"सकाळपास्नं हितंच हाय. का?"

"आमी म्हटलं आत बसलायसा. पाठ दिसली. मी तीनदा हाक मारली, बाजूला व्हा, कोयता लागंल. तुमी हललाच न्हाई."

"मी हाय व्हय त्यो? मला वळखत न्हाईस?"

"खांदा वळखला की." आकारामनं स्वतःचा डावा खांदा खाली टाकून दाखवला. "वैनीसायबांची तपकिरी शाल हुती अंगावर."

मागं उभी असलेली एक बाई काहीतरी पुटपुटली. आकारामनं तिला गप्प केलं. उद्या बघू म्हणाला, आणि टोळी ट्रॉलीत बसून गेलीसुद्धा. अर्ध्या दुपारी, काम टाकून. एरवी सुभेदारानं या भित्र्या लोकांवर तासभर व्याख्यान दिलं असतं. आज त्यानं ट्रॉली वळणावर जाईपर्यंत वाट बघितली, घरात जाऊन कपाटातली बारा बोअरची बंदूक काढली आणि दोन काडतुसं भरली. त्यातलं एक भरताना खाली पडलं, म्हणून त्यानं स्वतःलाच शिवी दिली.

६

चार वाजले असतील. ऊन चांगलं होतं. तो लांबच्या बाजूनं उसात शिरला.

चार सऱ्या ओलांडल्या आणि बाहेरचे आवाज गेले. रस्त्यावरची गाडी नाही, मोटर नाही, कावळासुद्धा नाही. पाचट अंगाला घासत होतं, तेवढंच. आत गेल्यावर ऊस मोकळा होत गेला. तोडलेला नव्हता, बुडातून वाकवून दाबलेला होता, एका दिशेनं, एकावर एक. बसायची जागा. बाजूला चघळून टाकलेला चोथा, आणि तो इतस्ततः नव्हता. एका कोपऱ्यात, सरळ ढिगात, लंगरच्या खरकट्याची जागा सुभेदार आखून द्यायचा तसा.

वास आला. अस्वलाच्या अंगाची घाण त्याला ठाऊक होती. ही ती नव्हती. रॉकेल, ओली लोकर, बारा माणसांचा घाम, करपलेली डाळ. हा त्याच्या बंकरचा वास होता. असा वास दुसरीकडं कुठं येऊ शकतो याची त्यानं मनातल्या मनात कारणं शोधली. ट्रॉलीचं डिझेल. तोडणाऱ्यांच्या वाकळा. तिसरं कारण सापडायच्या आत त्याला पाठ दिसली.

ती त्याच्याकडं वळलेली नव्हती. उसाच्या शेवटच्या ओळीआड बसली होती, घराकडं तोंड करून. काळी, रुंद, डावा खांदा खाली. खांद्यावर तपकिरी शाल, नीट पांघरलेली. श्वास घेताना शाल वर व्हायची आणि खाली जायची. सुभेदारानं बंदूक खांद्याला लावली. दहा पावलांवरचं निशाण त्यानं आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं.

तेवढ्यात मागलं दार उघडलं. संयोगिता पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर आली. मोकळ्या जागेपलीकडं, पाठीच्या बरोबर समोर. सुभेदार एक पाऊल डावीकडं सरकला, गोळीच्या रेषेतून तिला काढायला. पाठही तेवढीच सरकली. तो उजवीकडं आला. पाठही आली. घाईनं नाही. हजेरीला रांग दुरुस्त करावी तशी, एक पाऊल.

"आवं," संयोगिता म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या रजेत ती ज्या आवाजात बोलायची तो आवाज सुभेदार विसरून गेला होता. तो आता त्याला आठवला. "पुरं झालं आता भाईर बसणं. चला आत. जेवाण तयार हाय."

ते उठलं. दोन पायांवर उठलं आणि उसातून बाहेर पडलं. चाल जड होती, पण पावलं मापाची पडत होती. सुभेदाराला वाटलं आपण ओरडतोय. तोंड उघडं होतं एवढं खरं. सुभेदाराला त्याचा चेहरा एकदाही दिसला नाही. पायरीशी ते थांबलं आणि त्यानं मान खाली घातली. संयोगितानं वाकून त्याच्या पायांवर पाणी घातलं, आधी उजव्या, मग डाव्या. वरनं ओघळलेलं पाणी पायरीवरून खाली आलं ते काळं होतं. मग ती बाजूला झाली, ते दारात वाकलं, आणि आत गेलं.

तीही आत गेली आणि दार लागलं.

७

चाळीस पावलं सुभेदार धावला. रोज दहा किलोमीटर पळणारा माणूस, पण तेवढ्यात त्याला धाप लागली. बंदूक कुठं टाकली ते कळलं नाही. दाराला आतून कडी होती.

"संयोगिता!"

आत पाट सरकवल्याचा आवाज आला. ताट ठेवलं. पातेल्यावरचं झाकण काढलं.

"संयोगिता, दार उघड. ते मी न्हवं. मी हितं हाय." आवाज त्याचाच होता, पण त्यात हुकूम आणावा म्हटलं तर येत नव्हता. त्यानं दोन्ही मुठींनी दार बडवलं. "अगं ते जनावर हाय. तुला मारंल ते. ऐकतीस का? उघड आधी. उघड म्हणतोय ना मी!"

आत कुणीतरी पाटावर बसलं. जड बसलं. पाट कुरकुरला.

सुभेदाराला मग खरोखर भीती वाटली, आणि ती तिच्यासाठी आहे की स्वतःसाठी हे त्याला सांगता आलं नसतं. आत जे आहे ते आपल्या जागेवर बसलं आहे. चोवीस वर्षं ती जागा आपण रजेपुरती वापरली आणि उरलेल्या वेळात लाथाडली. अशी साधी सरळ गोष्ट त्याच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आली. त्यानं दारावरच्या मुठी खाली घेतल्या.

"चुकलं माझं," तो म्हणाला. हे शब्द त्याला उच्चारायची सवय नव्हती. ते वाकडेतिकडे आले. "ऐक. चुकलं. मला आत घे. तू म्हणशील तसं वागतो. बाळाचं बी बोलू आपण. उघड."

दाराशेजारची खिडकी उघडली. तिच्या गजाआड संयोगिता उभी होती. हातावर पीठ, केसांत अबोलीचा गजरा. तिच्या मागं खोली अंधारी होती आणि त्या अंधारात कुणीतरी सावकाश चावून चावून खात होतं.

धुकं नव्हतं. ऊन सुभेदाराच्या तोंडावर होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं, आधी पायांकडं, मग खांद्याकडं, मग तोंडाकडं. तिथं ती बराच वेळ थांबली. तिनं त्याला ओळखलं. अगदी नीट ओळखलं. सुभेदाराला ते दिसलं आणि त्याच्या जिवात जीव आला. तो गजाला हात लावणार, तेवढ्यात तिनं खिडकीचं दार ओढून घेतलं.

"कोण न्हाई," ती आत वळून म्हणाली. "तुमी जेवा, आवं."